सिंधूच्या मानेतल्या गाठी

पहिली गाठ मलाच सापडली. सिंधूच्या डोक्यातल्या उवा काढायचं काम माझ्याकडे होतं. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात तिला अंगणात बसवायचं, दोन गुडघ्यांमध्ये दाबून धरायचं आणि फणीत आलेली ऊ अंगठ्याच्या नखावर टचकन मारायची. ती चार वर्षांची होती, मी बारा वर्षांची. डाव्या कानाखाली, जबड्याच्या मागे माझ्या बोटाला काहीतरी लागलं. चिंचोक्याएवढं, कातडीखाली सरकणारं. मी दाबून पाहिलं. "दुखते का?" विचारलं तर "नाई," म्हणाली आणि हातातला गुळाचा खडा चोखत बसली. मी हात परकराला पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं, कातडी कोरडी होती, तरी पुसला. पुढचे कित्येक महिने मी माझ्या धाकट्या बहिणीला हात लावायची आणि तो पुसायची. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही.

मारेगावजवळच्या आमच्या गावात दोन भावांचं एकत्र घर होतं. बाबांचे थोरले भाऊ, त्यांना आम्ही मोठेबाबा म्हणायचो, ते घराचे कर्ते. बाबा त्यांच्यासमोर मान वर करून बोलत नसत आणि माझी माय तर त्यांच्यासमोर बोलतच नसे. पदर डोक्यावर ओढून भिंतीच्या आडूनच वावरायची. मोठेबाबांना एकच मुलगी, विमलताई, लग्नाच्या वयाची. मोठीमाय, म्हणजे मोठेबाबांची बायको, स्वयंपाकघराची मालकीण. त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे भाकरी थापण्याचा आवाज, टिनावर पारव्यांची घुटुरघू, मळ्यातून येणारी तेलाच्या इंजिनाची भकभक, आणि या सगळ्यावर मोठेबाबांचा खोकला. खोकल्यावरून आम्हाला कळायचं ते आत्ता गोठ्यात आहेत की ओसरीवर. त्यांच्या बाजेखाली राखेचा एक डबा असे. तो रोज सकाळी उकिरड्यावर रिकामा करायचा, हेही माझंच काम. राखेचे ओले गोळे झालेले असत, त्यात हिरवट शेंबडासारखं काहीतरी, कधी लालसर धागे. मी श्वास कोंडून पळत जायची, डबा उलटा करायची, काडीनं खरवडायची आणि दातओठ खात परत यायची. "तंबाखूचा खोकला आहे," असं घरात सगळे म्हणायचे, आणि मालकाच्या थुंकीची किळस येते असं बोलायची कोणाची छाती नव्हती.

मोठेबाबांना मुलगा नव्हता, पण त्याची खंत त्यांनी केल्याचं मला आठवत नाही. त्यांचा सगळा जीव सिंधूवर. जेवायला बसले की ती त्यांच्या मांडीवर. ती तान्ही असताना ते भाकरीचा घास आपल्या तोंडात चावून, मऊ करून तिला भरवायचे, आणि ती दातांनी हरभरे फोडायला लागली तरी ती सवय मोडली नाही. तुरीच्या सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकर, वर तेलाची धार. त्यांच्या तोंडात घोळलेला तो गोळा बोटावर यायचा आणि सिंधू पाखरासारखी तोंड उघडायची. मधेच त्यांना खोकल्याची उबळ यायची, ते तिच्या डोक्यावरूनच खोकायचे आणि पुन्हा घास चावायला लागायचे. सगळ्यांना ते पाहून बरं वाटे. मलाही वाटे.

महिन्याभरात एका गाठीच्या चार झाल्या. कानापासून गळ्याच्या हाडापर्यंत माळ, एकमेकींना चिकटलेली. माय आधी म्हणाली उवांच्या फोडांनी आल्या असतील, डोकं बरं झालं की जातील. तिचं अगदीच चुकलं नव्हतं. मी पुढे पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. लहान मुलांच्या मानेत गाठी येतात त्या बहुतेक अशाच, घशाच्या, दाताच्या, डोक्यातल्या खरजेच्या, आणि पंधरा-वीस दिवसांत विरून जातात. सिंधूच्या विरल्या नाहीत. तिला दुपारनंतर बारीक ताप यायचा, ती वाळत चालली, फ्रॉकच्या गळ्यातून खांद्याची हाडं दिसू लागली. मोठीमायनं जवस वाटून त्याचं पोटीस बांधायला सुरुवात केली. गरम असताना त्याला बरा वास यायचा, पण दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं की आंबलेल्या तेलाची आणि घामाची जी दुर्गंधी यायची, ती आमच्या अंथरुणालाही लागली. आम्ही दोघी एका बाजेवर झोपायचो. मी तिच्याकडे पाठ करून, नाकाला गोधडी लावून झोपायला लागले. ती झोपेत माझी वेणी धरायची. मी ती सोडवून घ्यायची.

मग मोठेबाबांनी बिब्बेवाल्या बुवाला बोलावलं. हा बुवा गाठी जाळून काढतो अशी त्याची ख्याती. त्याच्या नखांत काळं साचलेलं, दाढीला तंबाखूची लाळ. त्यानं बिब्बा दिव्यावर तापवला, सुईच्या टोकानं त्याचं तेल घेतलं आणि मला म्हणाला, "पोरी, डोस्कं धर इचं." मी धरलं. प्रत्येक गाठीवर त्यानं काळी फुली काढली. सिंधूनं किंकाळी फोडली आणि माझ्या मांडीवरच मुतली. दोन दिवसांत मानेवर पाण्यानं टरटरलेले फोड आले, ते फुटले, आणि त्यावर माशा बसायला लागल्या. बुवा जाताना आमच्याकडे जेवला, ढेकर दिली, अंगणातच चूळ भरली आणि म्हणाला, "फोड आले म्हणजे रोग बाहेर येऊन राह्यला." मोठीमायनं मान डोलावली. मला त्या माणसाच्या ताटाची, त्याच्या ढेकरेची, आणि मान डोलावणाऱ्या सगळ्यांची शिसारी आली होती. पण सिंधूची त्याहून जास्त आली होती, हे लपवून काय उपयोग.

गाव दूर सरकायला वेळ लागला नाही. शेजारच्या बायका आपल्या पोरींना हाक मारून घेत. विहिरीवर आमची बादली आली की दुसरी मागे व्हायची. मोठीमायनं सिंधूसाठी जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, एक ताट वेगळं काढलं आणि न्हाणीच्या भिंतीशी पालथं ठेवलं. एक मोठेबाबाच तेवढे ते मानत नसत. "माही लेक आहे थे," म्हणायचे, तिला मांडीवर ओढायचे आणि आपल्या ताटातला घास चावून तिच्या तोंडात घालायचे. साऱ्या घरात, साऱ्या गावात तिची किळस न करणारा तो एकच माणूस होता.

त्याच सुमारास इंजिन दुरुस्तीला मारेगावचे रहमानचाचा आले. हात काळे, तेलानं माखलेले, बोलणं अर्धं हिंदी अर्धं वऱ्हाडी. ओसरीवर पाणी प्यायला बसले तेव्हा त्यांचं लक्ष सिंधूच्या गळ्यातल्या फडक्याकडे गेलं. ते उठले, तिच्याजवळ उकिडवे बसले आणि कोपरानं तिची हनुवटी वर करून त्यांनी नीट पाहिलं.

"भाऊ, माह्या पोरीले बी असंच झालतं," ते मोठेबाबांना म्हणाले. "पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं. सुया लावल्या, लई दिवस गोळ्या खाल्ल्या. आता शाळेत जाते. टीबी की गांठ है ये. बच्ची को ले के जाओ, देर मत करो."

"टीबी?" मोठेबाबा म्हणाले. "टीबी छातीत राह्यते चाचा, गळ्यात नाई. अन् गाठी काय सुईनं जातेत? विमलले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. ह्या टायमाले टीबीचं नाव घरात काढू नोका."

रहमानचाचा पाण्याचा लोटा ठेवून इंजिनाकडे निघून गेले. दाराच्या आड माय उभी होती. तिच्या हातातलं सूप हलायचं थांबलं होतं, एवढं मी पाहिलं.

पाहुणे केळापूरकडचे. भर कापसाचे दिवस होते. वेचणी जोरात, आणि उजवीकडची खोली छातीपर्यंत कापसानं भरलेली. सकाळपासून घरात पुरण शिजत होतं, कढीला फोडणी पडली होती, वांग्याच्या भाजीचा वास गल्लीपर्यंत गेला होता. मोठीमायनं मला बाजूला घेतलं. "सिंधूले कापसाच्या खोलीत घेऊन बस. पाहुण्याच्या नजरेस पडली तर घराण्यात रोग आहे म्हनतीन. बाहेर येऊ देशीन नोको." मी नवा परकर घातला होता. मला पाहुणे पाहायचे होते, विमलताई पोह्यांचं ताट घेऊन कशी जाते ते पाहायचं होतं. फुरंगटून मी सिंधूला घेऊन आत गेले.

कापसात ऊब असते आणि सरकीचा एक तेलकट वास. सिंधू खूश झाली. ती ढिगावर चढायची आणि घसरत खाली यायची. मी दाराच्या फटीतून बाहेर बघत होते. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "ताई, इथं ओलं झालं." मी वळले. कानाखालची मोठी गाठ फुटली होती. फडकं सरकलेलं, आणि फाटलेल्या दह्यासारखं पांढरट पिवळं, गुठळ्या गुठळ्यांचं पाणी तिच्या गळ्यावरून फ्रॉकमध्ये उतरत होतं. तिनं हात लावला, हाताकडे पाहिलं, आणि तो हात पुढे करून माझ्याकडे आली. मी मागे सरेपर्यंत तिनं माझ्या कमरेला मिठी मारली. ते ओलं माझ्या नव्या परकरावर, माझ्या मनगटावर. मी तिला ढकललं. ती कापसात पाठीवर पडली. मी बाहेर आले, दार ओढलं आणि वरची कडी लावली.

हौदावर जाऊन मी मनगट राखेनं घासलं, मग मातीनं, मग पुन्हा राखेनं. कातडी लाल झाली तरी वास जाईना. परकर बदलला. मग स्वयंपाकघरात जाऊन बसले, पाट मांडू लागले, पाणी वाढलं. "सिंधू?" मोठीमायनं डोळ्यांनीच विचारलं. "झोपली," मी म्हणाले. कापसाच्या खोलीच्या दारावर छोटे हात आपटल्याचा आवाज येत होता, "ताई, ताई". पण ओसरीवर पाहुणे हसत होते, मोठेबाबा खोकत होते, आणि त्या गडबडीत तो फक्त मलाच ऐकू येत होता. मी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. तूप घालून. नंतर आवाज थांबला.

पाहुणे ऊन कलल्यावर गेले. मायनं कडी काढली, मी तिच्या मागे होते. सिंधू दाराशीच मुटकुळं करून झोपली होती. मानेच्या जखमेला कापसाचे बोळे चिकटून वाळले होते आणि त्यातून मुंगळ्यांची रांग आत-बाहेर करत होती. ओला झालेला, पिवळा पडलेला कापूस तिनं गोळा करून कोपऱ्यात ढिगाखाली दाबून ठेवला होता. कोणी रागावू नये म्हणून. चार वर्षांची पोर. मायनं तिला उचललं, मुंगळे एकेक करून काढले. मग तिनं मान वर करून कडीकडे पाहिलं. कडी सिंधूच्या हाताच्या कितीतरी वर होती.

"कडी कोणं लावली?"

"मोठेबाबानं," मी म्हणाले.

सिंधू जागी झाली होती. मायच्या खांद्यावरून ती माझ्याकडेच पाहत होती.

मायनं ते खरं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाबांना सांगितलं, "मी इले पांढरकवड्याले घेऊन जाऊन राह्यली." विचारलं नाही. बाबा म्हणाले, "दादाले विचारून..." ती म्हणाली, "ज्यानं कोंडलं, त्याले काय विचारू?" बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं मला बरोबर घेतलं, सिंधूला कडेवर, आणि आम्ही फाट्यापर्यंत चालत गेलो. गाडीत सिंधूच्या शेजारी बसलेल्या बाईनं आधी नाकाला पदर लावला आणि मग जागा बदलली. माय खिडकीबाहेर बघत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, उंच, जाड चष्म्याच्या. त्यांनी जखम धुतली, दुसऱ्या बाजूच्या गाठी चाचपल्या, काख पाहिली, बिब्ब्याचे डाग पाहिले. मग म्हणाल्या, "ही टीबीचीच गाठ आहे. औषध आहे, बरी होईल, पण वर्ष-दीड वर्ष एक दिवसही चुकवायचं नाही. आणि हिच्याजवळ बसल्यानं, जेवल्यानं कोणाला काही होत नाही. हिला दूर ठेवू नका." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "घरात खोकणारं कोण आहे?"

मायनं पदर पुढे ओढला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. "लहान मुलाला हा रोग मोठ्या माणसाकडून येतो. जवळ बसून खोकणारं कोण आहे, महिनोन्‌महिने?"

मायच्या तोंडून थोरल्या दिराचं नाव निघणं शक्य नव्हतं. मी म्हणाले, "मोठेबाबा." आणि मग मला थांबताच येईना. राखेचा डबा, हिरवे गोळे, लाल धागे, मांडी, चावलेले घास, तिच्या डोक्यावरचा खोकला, सगळं सांगितलं. आदल्या दिवशी त्यांच्यावर खोटा आळ घेतला होता. आज त्यांच्याविरुद्ध बोललेला प्रत्येक शब्द खरा होता. डॉक्टरीणबाईंनी एक झाकणाची डबी मायच्या हातात दिली. "सकाळचा बेडका यात आणा. घास चारण्यापेक्षा तो खोकलाच जास्त वाईट. आणि तोवर पोरीला त्यांच्यापासून दूर ठेवा."

घरी बाबांनी कसंबसं सांगितलं. मोठेबाबा आधी हसले, मग त्यांचा चेहरा काळवंडला. "माह्यापासून? मी पोरीले घास चारतो, जहर नाई चारत." डबी त्यांनी अंगणात भिरकावली. मायनं ती उचलली, धुतली आणि त्यांच्या बाजेच्या उशाशी नेऊन ठेवली. त्यांच्यासमोर, डोक्यावरचा पदर न ओढता. रोज ते ती फेकायचे आणि रोज ती उचलून ठेवायची. मोठीमाय तिच्याशी बोलेनाशी झाली. केळापूरची सोयरीक मोडल्याचा निरोप आला, तोही मायच्याच माथी मारला गेला.

सिंधूची जखम रोज धुवायची होती. मायनं ते काम मला दिलं, "तू करशीन," एवढंच म्हणाली. तिला काही कळलं होतं का, मला आजही माहीत नाही. पहिल्या दिवशी मी कडुलिंबाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं जखमेला लावलं, त्याच्यासोबत एक गुठळी निघून आली आणि मी तिथेच ओकले. सिंधूनं आपल्या हातानं माझ्यापुढे लोटा सरकवला. दुसऱ्या दिवशीही ओकारी आली. मग हळूहळू यायची थांबली. इंजेक्शनला माय तिला घेऊन मारेगावला पायी जायची, उन्हातान्हात, चुकवला नाही एकही दिवस.

महिना-सव्वा महिन्यानं मोठेबाबांच्या धोतरावर रक्त पडलं. त्या सकाळी डबी त्यांनी स्वतः भरून बाबांच्या हातात दिली. बाबा पांढरकवड्याहून संध्याकाळी परतले आणि ओसरीवर नुसते उभे राहिले. मोठेबाबांनी त्यांच्या तोंडावरूनच काय ते ओळखलं. उठले, आपली बाज उचलली आणि गोठ्याच्या पलीकडे, कडब्याच्या गंजीजवळ नेऊन टाकली. खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला गुंडाळला. त्या दिवसापासून ते एकटे जेवू लागले.

सिंधूला यातलं काय कळणार? जेवणाची वेळ झाली की ती पळत तिकडे जायची. "मोठेबाबा, घास." ते हात आडवा करायचे. "तिकडं जाय." ती हसत पुढे व्हायची, खेळ वाटायचा तिला. एकदा तिनं त्यांच्या गुडघ्याला धरलं तेव्हा त्यांनी काठी उगारली. मारली नाही, उगारली. "कमल, इले घेऊन जाय," मला ओरडून म्हणाले. मी तिला ओढत नेलं. ती मागे बघून रडत होती, आणि दुपट्ट्याच्या वर त्यांचे फक्त डोळे दिसत होते. बरं वाटू लागल्यावर त्यांनी औषध मधेच सोडलं, तंबाखू सोडली नाही, आणि पुढच्या पोळ्यापर्यंत ते राहिले नाहीत. सिंधू बरी झाली. गळ्यावर चुरगळलेल्या कापडासारखे व्रण राहिले.

ती उमरखेडला असते. मुलाचं दुकान आहे, ती स्वतः शिवणकाम करते. मागच्या हिवाळ्यात चार दिवस राहायला माझ्याकडे यवतमाळला आली होती. तिच्या नातवाच्या मानेत गाठ आली होती, घसा सुजल्यानं आलेली, डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, आठवड्यात गेलीसुद्धा. त्यावरून बोलणं निघालं. सिंधू म्हणाली, "लहानपणचं मले काहीच आठवत नाई. एकच आठवते. मोठेबाबाले माही किळस वाटे. कापसाच्या खोलीत कोंडलं होतं मले, घासाले गेली तर काठी उगारत. तू माही जखम धूत होतीस, थेही आठवते."

साठ वर्षं मी ती तशीच राहू दिली होती ही आठवण. तिच्या लग्नात, तिच्या बाळंतपणात, मायच्या तेराव्याला. मला सोयीची होती ती. त्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही. कडी मी लावली, नाव मी घेतलं त्यांचं, आणि ते तुला दूर का लोटायचे हेही सांगितलं. अगदी दोन पुरणपोळ्यांपर्यंत सगळं.

सिंधूनं विचारलं, "म्हणजे थे मले वाचवत होते?"

"हो."

ती रडली. तोंडाला पदर लावून, लहान मुलासारखी हुंदके देऊन, मोठेबाबांसाठी. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी खांद्यावर हात ठेवायला गेले, तर तिनं अंग चोरलं, अगदी थोडंसं. मग उठून तोंड धुतलं आणि पिशवी भरायला घेतली. चार दिवसांसाठी आली होती, दुसऱ्याच दिवशी दुपारच्या उमरखेड गाडीनं गेली. मी बसस्थानकापर्यंत सोबत गेले. गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहिले. तिनं काच बंद करून घेतली होती, थंडी होती म्हणून असेल.